साडेअठरा न्यूट्रॉन

३ नोव्हेंबर

दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघूनही तू ते उघडलंस, यातच मला पुष्कळ मिळालं. खुशालीची ओळ लिहायला घेतली होती, पण आज माझंच डोकं ठिकाणावर नाही, तुझी खुशाली कुठल्या तोंडाने विचारू? फोन केला असता. पण माझं नाव दिसलं की तू उचलत नाहीस, हे आता पाठ झालंय.

बाबा बरे आहेत. तू विचारणार नाहीस म्हणून आधीच सांगून टाकते. शहाऐंशी पूर्ण झाली. कान गेल्यातच जमा आहेत, डोकं मात्र तल्लख. परवा वर्तमानपत्रात कुठलीशी टक्केवारी चुकली म्हणून संपादकाला खरमरीत पत्र धाडलं.

आता मुद्द्याचं. शाळेची जुनी प्रयोगशाळा पाडणार आहेत. कपाटं रिकामी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण निम्म्या बाटल्यांवरची लेबलं बाबांच्या हातची आहेत आणि ती वाचू शकणारी शाळेत मी एकटीच उरले आहे. आज दुपारी शिपाईकाकांनी जुना तराजू काचेच्या पेटीसकट उचलला, तर मागच्या फटीतून एक पुडकं खाली पडलं. चिंधीने बांधलेलं होतं. वर बाबांच्या अक्षरात ‘निवड परीक्षा, रसायनशास्त्र’ आणि खाली वर्ष. आपलं वर्ष.

मी गाठ सोडली. आत दोनच उत्तरपत्रिका होत्या, एक तुझी आणि एक माझी.

सातवा प्रश्न तू विसरला असशील असं मी म्हणणार नाही. तरी लिहिते. ‘क्लोरिनचा अणुअंक १७ व अणुवस्तुमान ३५.५ आहे. तर क्लोरिनच्या अणूत न्यूट्रॉन किती? गुण दोन.’ तुझं उत्तर असं आहे: ‘न्यूट्रॉन अर्धा नसतो. क्लोरिनचे अणू दोन प्रकारचे असतात. साधारण चारातले तीन ३५ चे, एक ३७ चा. म्हणून सरासरी ३५.५. पहिल्यात १८ न्यूट्रॉन, दुसऱ्यात २०. साडेअठराचा अणू कुठेही सापडणार नाही.’ त्याखाली लाल शाईत भोपळा आणि शेरा: ‘विचारलं तेवढंच लिहा.’

हे तुला माहीतच आहे. निकालाआधी वर्गात पेपर दाखवले तेव्हा याच भोपळ्यावरून तू बाबांना म्हणालास, अर्धा न्यूट्रॉन दाखवा, मी सगळ्या गावासमोर माफी मागतो. आणि महिन्याभरात घर सोडलंस.

तुला माहीत नाही ते आता सांगते. त्या भोपळ्यावर रेघ मारलेली आहे. शेजारी लाल शाईतच ‘२’ आहे. पहिल्या पानावरचे एकूण ८० खोडून ८२ केलेत. बाजूला बाबांची सही आणि तारीख. ती निकालाच्या आदल्या दिवसाची आहे, रविवारची.

आदल्या दिवसाची, दादा! मी स्टुलावर बसून दोन्ही बेरजा पुन्हा केल्या. शिपाईकाका ‘बाई, पाणी आणू का, बाई’ करत होते आणि मला त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. तुझे ८२. माझे ८१. शाळेतून विज्ञान विद्यालयात दरवर्षी एकालाच जागा, आणि सोमवारी बाबांनी भर मैदानात नाव पुकारलं ते माझं.

मला काही सुचत नाही. बाबांना अजून विचारलेलं नाही. आधी तुला कळायला हवं, म्हणून हे घाईघाईने लिहिलं.

बहीण

१० नोव्हेंबर

दादा,

तुझं उत्तर यायला अजून वेळ आहे हे कळतं, तरी रोज दुपारी टपालपेटीत हात घालून येते. पण आजचं पत्र त्यासाठी नाही. गेल्या पत्रात मी एक गोष्ट गाळली.

तुझ्या पत्रिकेचं सगळं लिहिलं. माझ्या पत्रिकेबद्दल चकार शब्द काढला नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तू तसा कधी काही सोडायचा नाहीस.

माझ्या सातव्या प्रश्नाखाली आधी एक ओळ आहे, खोडलेली. ‘क्लोरिनचे अणू दोन प्रका’. पुढचा ‘र’ सुद्धा मी पुरा केला नव्हता. त्याखाली सुबक अक्षरात ३५.५ उणे १७ बरोबर १८.५. त्यावर बरोबरची खूण आणि दोन गुण.

मला माहीत होतं, दादा. तूच शिकवलं होतंस, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, मागच्या पायऱ्यांवर. मी हट्टाला पेटले होते की पुस्तकात ३५.५ छापलंय म्हणजे छापलंय. तू म्हणालास, “अगं ती सरासरी आहे. थांब. बाबा चव्वेचाळीस, आई अडतीस, मी सोळा, तू पंधरा. बेरीज?”

“एकशे तेरा.”

“भागिले चार?”

“सव्वाअठ्ठावीस.”

“मग जा आत आणि सव्वाअठ्ठावीस वर्षांचं माणूस शोधून आण.”

आतून आई ओरडली होती, “त्या सव्वाअठ्ठाविशीला जेवायला थांबवू नका रे, ताटं चारच आहेत!” आपण दोघं पोट धरून हसलो होतो.

मला तेव्हाच लख्ख कळलं होतं. परीक्षेत तेच लिहायला घेतलं आणि मध्येच आठवलं की पेपर सर तपासणार आहेत. घरी ते बाबा असतील, पण शाळेत सर, आणि सरांना वहीत उतरवून दिलेलं उत्तर हवं असतं. मी खोडलं आणि वहीतलं लिहिलं. तू खोडलं नाहीस. एवढाच आपल्या दोघांत फरक होता, आणि त्याचं बक्षीस मला मिळालं.

आता थोडी मनाची लाज सांगते. एकतीस वर्षं मी याच शाळेत हा धडा शिकवते आहे. मुलांना सांगते, अणुअंक म्हणजे प्रोटॉन. सतरा मोजले की तो क्लोरिन, बाकी चौकशी करायची नाही. अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती. तो मोजून येतो, म्हणून नेहमी पूर्ण असतो. न्यूट्रॉन कमीजास्त झाले तर नाव तेच राहतं, तक्त्यातली जागा तीच राहते, फक्त वजन बदलतं. ती समस्थानिकं. मग मी फळ्यावर सातवा प्रश्न घालते. दरवर्षी निम्मा वर्ग साडेअठरा लिहितो. मी डोळे वटारून विचारते, “उरलेला अर्धा न्यूट्रॉन कुणी खाल्ला?” वर्ग खो खो हसतो. मग मी घरातल्या चौघांच्या वयाचं उदाहरण देते. मुलं घरी जाऊन सांगतात, आमच्या बाई काय मस्त शिकवतात.

ते उदाहरण कुणाचं, हे मी एकाही वर्गाला सांगितलेलं नाही.

तुझ्या उत्तराला दोन दिले, तर नियमाने माझे दोन जायला हवेत. म्हणजे माझे ८१ नव्हतेच, ७९ होते. शाळेत दर महिन्याला पगार घेताना मला हे माहीत नव्हतं असं म्हणता येईल. पण खोडलेली ओळ मला माहीत होती.

बहीण

२४ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. पहिलाच शब्द ‘ढापणे’. दारातच उभी राहून वाचलं आणि चष्मा काढून पुसावा लागला. बेचाळीस वर्षांत मला कुणी ढापणी म्हटलेलं नाही. सगळ्यांची मी बाई.

पाचच ओळी लिहिल्यास, त्या मला पाठ झाल्या. ‘पत्रिका खरी असेल तर त्यांना एकच विचार, का? मी रोज क्लोरिनच्या टाक्यांच्या झडपा उघडतो आणि मिटतो, मला अणू शिकवू नकोस. माझ्याकडे आईची तीनशे बावन्न पत्रं आहेत, पाकिटांसकट जपलेली. त्या घरात माझ्या बाजूचं एकच माणूस होतं आणि ते गेलं. आता फक्त का ते कळू दे.’ खोडलेल्या ओळीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. रागावला असशील तर रागव, तुझा हक्क आहे.

बाबांना विचारलं. पत्रिका त्यांच्या हातात दिली. भिंग लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. म्हणाले, याचं अक्षर तेव्हाच सुधारून घ्यायला हवं होतं. बाकी काही बोलले नाहीत. मी दोनदा विचारलं, मग पाठ फिरवून पडून राहिले.

तेव्हा कारण काही कळत नाही आणि कळेल असं वाटत नाही. ते हट्टी होते, आहेत. तुझा राग जिथे आहे तिथेच असू दे. तो चुकीचा नाही.

तब्येतीला जप. टाक्यांजवळ तोंडावर पट्टी बांधतोस ना?

तुझी
ढापणी

२ डिसेंबर

दादा,

मागचं पत्र फाडून टाक. ते खोटं आहे.

बाबा बोलले होते. सगळं बोलले. तुला सांगू नकोस असं मला बजावलं आणि मी मान डोलावून तुला तो कागदाचा बोळा पाठवला. आठ दिवस शाळेत उभी होते पण मन थाऱ्यावर नव्हतं. काल वर्गात तोच धडा आला. पहिल्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, “बाई, असा अणूच नसतो तर पुस्तकात खोटा आकडा का छापतात?” मी नेहमीचं उत्तर दिलं, आकडा खोटा नाही, हिशेबाला तो सोयीचा आहे, फक्त त्यावरून एखादा अणू ओळखायला जाऊ नका. मी तुला बाबांबद्दल जे लिहिलं ते असंच सोयीचं होतं. तसा माणूस आपल्या घरात कधी नव्हता.

तर झालं ते असं. बाबांशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या. पत्रिका पुढे ठेवली आणि ओरडले, “का?” त्यांनी भिंग लावलं, वाचली, अक्षराबद्दल बोलले, तेवढं खरं आहे. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, “मी चुकलो होतो. मला शनिवारी कळलं. कॉलेजातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकाला प्रश्न दाखवला, तर तो हसायला लागला. पोरगं सोळा वर्षांचं आणि बापापेक्षा जास्त समजतं. मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदम.”

“मग बदललंत ना? ब्याऐंशी केलेत ना?”

“केले. रविवारी सकाळी. आणि घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं.”

दादा, इथेच मला कळायला हवं होतं. खरं म्हणजे त्याच्याही आधी, प्रयोगशाळेत. पहिल्या पत्रात मी ‘चिंधी’ एवढंच लिहिलं. ती निळ्या फुलांची होती. आपल्या उशांच्या अभ्र्यांची. आणि गाठ आईची होती, ती दुहेरी, जी सोडवताना आपली नखं दुखायची. ती मी बघितल्याबरोबर ओळखली होती. ओळखून विसरले.

आई तेव्हा उशांना अभ्रे घालत बसली होती. बाबा म्हणाले, पोरगं बरोबर आहे, जागा त्याची. ती म्हणाली, “आणि ती?”

मामाने माझ्यासाठी आणलेलं स्थळ तुला आठवतं का? लोखंडाच्या दुकानाचा मालक, एकतीस वर्षांचा. मला पंधरा. आपण त्याच्या मिशांची नक्कल करायचो. मला वाटायचं ती नुसती थट्टा आहे. थट्टा नव्हती. मामाला शब्द गेला होता. निकालापर्यंत थांबा, एवढंच आईने मागून घेतलं होतं.

आई म्हणाली, “तो उद्या हातात पाना घेऊनही पोट भरेल. जगाच्या पाठीवर कुठेही जाईल. ही कुठे जाणार? माझ्यासारखी अभ्रे घालत बसेल.”

बाबा म्हणाले, “हे मी करू शकत नाही. मी शिक्षक आहे.”

ती म्हणाली, “शिक्षकाने शून्य दिलंच होतं की. तुम्ही काही करूच नका. नुसतं काल होतं तसं राहू द्या.”

मग तिने दोन्ही पत्रिका त्यांच्या हातातून घेतल्या, अभ्र्याचा काठ टर्रकन फाडला आणि बांधल्या. जाळू नका म्हणाली, कधीतरी त्याला दाखवता येतील. त्यांनी शाळेत नेऊन तराजूमागे ठेवल्या. त्यानंतर दोघांनी तो विषय काढला नाही.

आई, दादा. आपली आई! बाबांनी केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं, मी एवढी हादरले नसते. तुझ्या जाण्याने जी झुरली, तुझ्या वाढदिवसाला जी कुणाशी बोलायची नाही, तिने आपल्या हाताने गाठ मारली होती. मला तिचा भयंकर राग येतो. आणि राग येतो तेव्हा मी मुख्याध्यापकांच्या शेजारच्या खुर्चीत बसलेली असते, अंगावर माझ्या कमाईची साडी असते, कुणा लोखंडवाल्याच्या घरात नसते. मी तिला काय म्हणू, तूच सांग. माझ्या जागी तू असतास तर काय म्हणाला असतास?

मी बाबांना ओरडून विचारलं, “मग बेचाळीस वर्षं त्याच्या शिव्या का खाल्ल्यात? एकदा तरी सांगायचंत!”

ते म्हणाले, “त्याच्याकडे आई तेवढी होती. ती कशाला काढून घेऊ? मला तो शिव्या द्यायचा, तिला पत्र लिहायचा. बरं चाललं होतं.” आणि मग म्हणाले, “तूही सांगू नकोस. ती राहू दे त्याला.”

मी हो म्हटलं होतं. आज मोडते आहे. मला वाटतं, तुला आई हवी तर ती सबंध हवी. तुझ्या बाजूची होती तीही, आणि त्या रविवारची तीही. तुझी तीनशे बावन्न पत्रं खोटी नाहीत. ती लिहिताना ती रडायची, ते मी पाहिलंय. का रडायची ते मला आता कळलं.

सोबत दोन्ही पत्रिका पाठवते आहे. माझ्या सातव्या प्रश्नावर मी काल लाल पेनने शून्य दिलं आणि एकूण ७९ केले. बाबांनी पाहिलं. म्हणाले, “सही कर. तारीख घाल.” केली.

हे पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. म्हणजे ओरडून दाखवलं, शेजारच्यांनाही पुण्य मिळालं असेल. आईच्या ओळीपाशी त्यांनी हात वर केला. मला वाटलं, आता म्हणतील फाड. मग म्हणाले, “पाकीट आण. पत्ता मी लिहितो.”

आईच्या पाकिटांवरचा पत्ता काढून बघ. ठोकळ्यासारखी, सुटी सुटी, कुणाचीच न वाटणारी अक्षरं. तुझ्या तिकडच्या लिपीत तिला लिहिता येत नव्हतं. तू एकदा तिला विचारलं होतंस, पत्ता कोण घालून देतं, आणि तिने कळवलं होतं, पोस्टातला कारकून. कुठला कारकून, दादा? तुझी लिपी शिकायला बाबांनी उन्हाळ्याची सबंध सुट्टी घालवली होती. तुला अक्षर ओळखू आलं तर तू पाकीट उघडणार नाहीस, म्हणून ते असं लिहायचे. तीनशे बावन्न वेळा.

आज त्यांनी अक्षर बदललं नाही, आणि पत्त्याच्या वर तुझं नाव आपल्या लिपीतही घातलं. वेलांट्या पार खाली घसरल्यात, पण तुझ्या पत्रिकेवर शेरा लिहिणारं तेच अक्षर आहे. मी म्हटलं, “बाबा, तो ओळखेल. उघडणार नाही.”

ते म्हणाले, “बघू.”

तू हे वाचतो आहेस, म्हणजे ते अक्षर बघूनही तू पाकीट उघडलंस.

ढापणी